मारबतीने नेलेली कॉफी

नागपूर जिल्ह्यात कॉफी होत नाही, ही गोष्ट माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होती.

तशी मलाही कुणकुण होतीच. मे महिन्यात आमच्या मानेवाड्याच्या घराच्या गच्चीवर पाय ठेवला तर पायाची कातडी तिथेच राहते. अशा मुलखात धुक्यात वाढणारं नाजूक झाड जगेल का, हे कळायला शेतकी कॉलेजात जावं लागत नाही. पण मी निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त माणसाला कळण्यापेक्षा सुचतं जास्त.

झालं असं, की कचेरीतून निरोप देताना मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ मिळालं (ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही, त्याला घड्याळच का देतात, देव जाणे). ते घड्याळ भिंतीला लावून मी आणि माझी बायको कुंदा कर्नाटकातल्या डोंगरात फिरायला गेलो. तिथे एका छोट्याशा कॉफीच्या मळ्यात उतरलो. खाली कॉफीची झुडपं आणि त्यांच्यावर सावली धरून फणस, चिकू, लिची, अव्होकॅडो, काय काय. आणि त्या गर्दीत मधूनमधून चक्क संत्र्याची झाडं! परमुलखात संत्र्याचं झाड दिसलं की नागपूरचा माणूस हळवा होतो. मी एका झाडाच्या खोडावर हात फिरवला, आणि तिथेच माझ्या डोक्यात गणित बसलं. इथे कॉफीच्या मळ्यात संत्री होतात. आमच्याकडे संत्री आहेतच. म्हणजे आता फक्त कॉफी यायची राहिली आहे.

हे गणित मी कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, "गणपतीपाशी उंदीर असते. आपल्या माळ्यावर उंदीर झाले होते, तवा गणपती आला होता काय?"

बायकोशी वाद घालायचा नाही, हे मी लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं. मी थेट दादाकडे गेलो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सावनेरच्या पुढे आमचं गाव आहे, तिथली शेती तोच करतो. मी नोकरी धरून नागपुरात आलो आणि शेतीशी माझा संबंध वर्षाकाठी तुरीची डाळ आणि संत्र्याची पेटी एवढाच उरला. विहिरीच्या मागे आमचा संत्र्याचा जुना बगीचा होता. डिंक्या रोगाने त्यातली बरीच झाडं गेली होती, आणि उरलेली काढून तिथे तूर पेरायची, असं दादाच्या मनात होतं. संक्रांतीचा दिवस होता. वहिनींनी हातावर तीळगूळ ठेवला, आणि मी तोंड गोड असतानाच विषय काढला.

"दादा, विहिरीमागच्या तुकड्यात कॉफी लावू."

दादाने तीळगूळ चावायचा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तुले बरं हाय ना गा?"

"नुसती कॉफी नाही. वर सावलीले फणस, चिकू, लिची, अव्होकॅडो, रांबुतान. खाली कॉफी. नाना जातीचे फळं. एक गेलं त दुसरं हाय."

"आन सगळेच गेले त?"

या प्रश्नाचं उत्तर कर्नाटकातल्या मळेवाल्याने मला सांगितलं नव्हतं. मी सावलीचं शास्त्र समजावलं, मातीतल्या ओलाव्याचं शास्त्र समजावलं. दादा शांतपणे ऐकत होता. (दादा शांत झाला की समजावं, आता काहीतरी येतंय.)

"एक कप," दादा म्हणाला. "त्या वावरातल्या कॉफीचा एक कप मले पाज. आजपासून चौथ्या संक्रांतीले. पाजला, त तुकडा तुया. मी तिकडं फिरकत नाही. नाही पाजला, त तिथं तूर पेरतो, आन मंग माह्या शेतीत तू जलमभर तोंड घालाचं नाही."

हे शेवटचं मला लागलं. नोकरीभर मी कचेरीत छाती काढून सांगत आलो होतो की आम्ही शेतकरी घराण्यातले. आणि गावी गेलो की चिखलात चप्पल रुतून बसायची, आणि गडीमाणसं ‘साहेब, तुम्ही खाटेवर बसा’ म्हणायची. मला खाटेवर बसायचं नव्हतं. बापाच्या मातीत माझ्या हातचं एक तरी झाड उभं राहावं, असं मला मनापासून वाटत होतं. डोळ्यांत पाणीबिणी यायच्या आत मी दादाच्या हातावर हात मारला. "लागली शर्त."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कॉफीच प्याची होती त मी दुकानातून पुडी आणली असती ना."

रोपं मी दक्षिणेतल्या एका माणसाकडून फोनवरून मागवली. ती पावसाच्या सुरुवातीला पोचणार होती. पाऊस आला. आषाढ गेला. तो माणूस रोज फोनवर ‘निकल गया’ म्हणायचा. काय निकललं ते कळत नव्हतं. शेवटी बरोब्बर पोळ्याच्या दिवशी बसच्या टपावरून एक गोणपाटाचं गाठोडं उतरलं. मी ते सावनेरच्या स्टँडवरून जीपमध्ये मांडीवर घेऊन गावात आणलं. अंगणात उघडलं, तर आत काड्या. कॉफीच्या काड्या, फणसाच्या काड्या, लिचीच्या काड्या. प्रवासात पानं गळून गेलेली, कुठे एखादं मरगळलेलं पान लटकलेलं. बुडाशी मुळ्यांना ओलं शेवाळ गुंडाळलेलं होतं, एवढीच काय ती झाडपणाची खूण.

दादाने एक काडी उचलून पाहिली. "चुलीसाठी लय बारीक हाय," म्हणाला, आणि बैल सजवायला निघून गेला.

आता पोळ्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही आमच्याकडे वावरात कुदळ मारत नाहीत. बैलांना सुट्टी, तशी मातीलाही. म्हणजे रोपं लावायची ती तिसऱ्या दिवशी. मी गाठोडं ओसरीवर ठेवलं आणि पोळा भरला होता तिकडे गेलो. तिथे सजवलेल्या बैलांच्या रांगेपुढे उभा राहून मी गावकऱ्यांना सावलीचं शास्त्र सांगितलं. बैलांनी लक्षपूर्वक ऐकलं.

इकडे घरी वहिनींना माझ्या काड्यांची दया आली. गाठोड्यात त्या कुजतील म्हणून त्यांनी एकेक काडी काढली, मुळाशी चिखलाचा गोळा थापला आणि प्रत्येक दाराच्या बाजूला, जिथे ओल असते, तिथे उभी करून ठेवली. घराचं दार, गोठ्याचं दार, न्हाणीचं दार, कडब्याच्या खोलीचं दार. मायेने केलं हो त्यांनी. फक्त मला सांगायचं राहून गेलं.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात पोळ्याच्या दिवशी घरातल्या प्रत्येक दाराशी पळसाच्या फांद्या उभ्या करतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठायचं, सगळे मेढे गोळा करायचे, आणि ‘इडा-पिडा घेऊन जाऽऽ गे मारबत’ अशी आरोळी ठोकत गावाच्या शिवेवर नेऊन फेकायचे. घरातली रोगराई, किडामुंगी, दृष्ट, सगळं त्या फांद्यांबरोबर मारबत नावाची बया घेऊन जाते. नागपुरात मारबतीची मोठी मिरवणूक निघते, ती तुम्ही ऐकली असेल. आमच्या गावात मिरवणूक नाही, पण आरोळीत आम्ही शहराला हार जात नाही. आणि शिवेवर फेकलेलं काहीही परत घरात आणायचं नाही, हा त्यातला सगळ्यात कडक नियम.

दरवर्षी हे काम दादा करायचा. त्या वर्षी मी म्हणालो, "दादा, तू झोप. यंदा मी नेतो."

"तुले जमते काय?"

"मी याच गावचा हाय!"

अंधार होता, पाऊस भुरभुरत होता, वीज गेलेली होती आणि चष्मा उशाखाली होता. (चष्मा लावून मारबत घालवणं मला शहरी वाटलं.) मी दारोदार फिरून हाताला लागेल ती फांदी उचलत गेलो. घरापाशी ढीगभर, गोठ्यापाशी ढीगभर. यंदा मेढे बरेच दिसतात, असं मनात आलं. वाटलं, वहिनींनी रोगराई फारच मनावर घेतली आहे. बुडाशी चिखल लागत होता, तर वाटलं पावसाचे दिवस आहेत. दोन्ही काखांत भारे मारून मी निघालो, आणि आळीतली सगळी पोरं मागे लागली.

मग काय, मला जोर चढला.

"खोकला-पडसं घेऊन जाऽऽ गे मारबत!"

"डास-ढेकूण घेऊन जाऽऽ गे मारबत!"

"माझा बीपी घेऊन जाऽऽ गे मारबत!"

आणि शिवेच्या नाल्यापाशी, जुन्या जांभळाखाली पोचल्यावर, सगळ्यात वरच्या पट्टीत, "दादाचा हट्ट घेऊन जाऽऽऽ गे मारबत!" एवढं ओरडून मी दोन्ही भारे असे भिरकावले, की काही काड्या सरळ काठाच्या चिखलात भाल्यासारख्या रुतल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला फार वर्षांनी गावचा झाल्यासारखं वाटलं.

घरी येऊन अंघोळ केली. चहा आला. उजाडलं होतं. वहिनी अंगणात इकडेतिकडे पाहत होत्या.

"भाऊजी, तुमचे झाडं कुठी ठेवले?"

"ओसरीवर. गाठोड्यात."

"गाठोड्यात कुठी? मी काढून दारादारापाशी उभे केले होते ना."

मी कप खाली ठेवला. "कोनत्या दारापाशी?"

"सगळ्याच. मेढ्याच्या बाजूले."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. गोठ्यातून बैलानेही पाहिलं असावं. कुंदा अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, तीन महिने आमाले कॉफीचं पान कसं असते ते शिकवून राहिले होते ना तुम्ही?"

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. तसाच लुंगीवर शिवेकडे पळालो. तोपर्यंत अख्ख्या गावाचे मेढे येऊन पडले होते. पळस, बोरीच्या काट्या, फुटकी सुपं, झिजलेले झाडू, शेणाच्या पाट्या, आणि त्या सगळ्याच्या पोटात कुठेतरी माझा नाना फळांचा मळा. मी लुंगी खोचून ढिगात हात घालणार, एवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. त्या माझ्यामागे पळत आल्या होत्या. नऊवारी सावरत, धापा टाकत.

"भाऊजी, हात नका लावू!"

"वहिनी, माझे झाडं आहे ते."

"आता मारबतीचे हाय. शिवंवर फेकलेलं परत आणलं त सगळ्या गावाची रोगराई आपल्या घरात येते. मले नातवंडं हाय लहान-लहान."

नातवंडांपुढे कॉफीचं काय चालणार! मी हात काढला. दादा सावकाश चालत आला, ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच बांधावर बसून पोट धरून हसायला लागला. "अरे, लोकं रोगराई फेकते. आपला बगीचा रोगराई म्हणून फेकनारा मानूस मी पहिल्यांदा पाह्यला." दुपारपर्यंत ही गोष्ट सावनेरच्या बाजारात पोचली होती. संध्याकाळी नागपुरातून माझ्या साडूचा फोन आला.

दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. मी त्याच आठवड्यात नवी रोपं मागवली. या वेळी उतरवून घेतली ती थेट वावरात, विहिरीमागे, आणि चष्मा लावून. स्वतःच्या हाताने खड्डे खणले. सावनेरला माझ्या मापाची कुदळ नव्हती, म्हणून दादाची वापरली, आणि हाताला आलेले फोड मी आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले.

मग उन्हाळा आला.

हिरवी जाळी बांधली. जाळी तापली. जाळीवर गोणपाट टाकून भिजवलं. गोणपाट अर्ध्या तासात वाळून कडक व्हायचं. कुंदाच्या जुन्या साड्या रोपांवर छत्रासारख्या ताणल्या (त्यातली एक जुनी नव्हती, हे मला नंतर सांगण्यात आलं). रांबुतान तर त्याचं नाव दादाला नीट म्हणता येण्याआधीच गेलं. लिची गेली. शेवटी मी नागपूरहून घरचा कूलर आणला. वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, मोटरच्या खोलीतून तार ओढली आणि कॉफीच्या रांगेकडे तोंड करून कूलर सुरू केला.

दादा बांधावर उभा राहून पाहत होता. "आमी पंख्याखाली झोपून राहिलो आन तुये झाडं कूलरमध्ये!"

"सवय होईपर्यंत ठेवतो."

"मंग टीव्ही बी आण त्याईले. दुपारी करमत नसन."

कूलरच्या वाऱ्याने जवळची रोपं सुकली आणि पाण्याने लांबची कुजली. मी परत मागवली. पुढच्या वर्षी परत. माझा हट्ट बघून रोपांचा तो दक्षिणेतला माणूस मला फोनवर ‘गुरुजी’ म्हणू लागला. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीला अख्ख्या तुकड्यात एकच कॉफीचं झाड उरलं होतं, गुडघ्याएवढं. मी त्याच्याशी बोलायचो. वहिनी त्याला ओवाळायच्या. पुढच्या पावसाळ्यात दादाच्या बैलाने दावं तोडलं आणि बाकी सगळं हिरवंगार वावर सोडून तेवढं एक झाड मुळापासून खाल्लं. त्या रात्री म्हणे बैलाला झोप लागली नाही.

म्हणजे संपलं. चौथी संक्रांत काही आठवड्यांवर आली होती, आणि पाजायला कॉफी सोडा, वावरात कॉफीचं वाळलेलं पानही नव्हतं. मी वरवर हसत होतो, पण आतून तुटलो होतो, खोटं कशाला सांगू. दादा तूर पेरेल याचं दुःख नव्हतं. पण वर्षानुवर्षं लोकांनी ज्याला खाटेवर बसवलं, तो खाटेवरच बसायच्या लायकीचा होता, हे आता सगळ्या गावापुढे ठरणार होतं.

थंडीतल्या एका सकाळी मी आणि कुंदा वावरातल्या मेलेल्या काड्या गोळा करून टाकायला निघालो. म्हटलं, शिवेवरच टाकू. सुरुवात तिथूनच झाली होती. नाल्याकाठी जांभळाखाली नुसतं रान माजलं होतं. मी भारा टाकला आणि वळलो. कुंदा वळली नाही.

"अहो, हे काय आहे?"

"कोणतं?"

"हे. लाल-लाल फळं."

मी पाहिलं. माझ्या छातीपर्यंत येणारं गर्द हिरवं झुडूप, चकचकीत पानं आणि फांद्यांना चिकटून लालबुंद फळांचे झुबके. मी जाणकाराच्या सुरात म्हणालो, "रानटी असेल काहीतरी. हात लावू नको, खाज सुटते."

कुंदाने माझ्याच खिशातून माझा मोबाइल काढला, मी चार वर्षं येईल त्याला दाखवत आलेला कॉफीच्या झाडाचा फोटो उघडला आणि तो झुडपाशेजारी धरला. मग बोलली, "चष्मा लावता का आता?"

मी चष्मा लावला आणि खाली बसलो. ती कॉफी होती. मी भिरकावलेली कॉफी! तिच्यामागे माझ्याहून उंच अव्होकॅडो होता. पलीकडे फणस, त्याच्या आडोशाला चिकू. जांभळाची सावली, नाल्याची ओल, दरसाल येऊन पडणारं गावभरचं शेण आणि पाचोळा, भोवती बोरीच्या काट्यांचं आपोआप झालेलं कुंपण. आणि मारबतीचं म्हणून कोणी पान तोडलेलं नाही, कोणी शेळी त्या बाजूला घातलेली नाही. मुख्य म्हणजे मी त्यांच्याकडे एकदाही लक्ष दिलं नव्हतं. मला रडू आलं. कुंदाने पदर पुढे केला आणि म्हणाली, "पुसा डोळे. दादाले कप पाजाचा हाय ना?"

पण वहिनी दारातच आडव्या झाल्या. "तिथलं फळ माह्या घरात नाही येनार."

"वहिनी, फक्त वाळवायला..."

"वाळवा ना. तिथंच वाळवा. तिथंच भाजा. आन तिथं नेलेलं भांडं परत नका आणू."

मग मी शिवेवरच मुक्काम ठोकला. फळं तोडली, बोटांनी चोळून बिया काढल्या, धुतल्या आणि जांभळाजवळच्या उन्हात ताडपत्रीवर पसरल्या. सकाळी जाऊन बसायचं, बिया वरखाली करायच्या, पाखरं हाकायची, संध्याकाळी घरी यायचं. वहिनी अंगणात गरम पाण्याची बादली घेऊन उभ्या असायच्या. डोक्यावरून अंघोळ झाल्याशिवाय मला उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. वाटेने जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला द्यायचा. कॉफी कोणीच केली नव्हती, पण सल्ला सगळ्यांकडे होता.

कढई वहिनींनी कान तुटलेली दिली. खलबत्ताही गेला. कुंदाला तर संधीच मिळाली. एकदा गेलेली वस्तू परत येत नाही म्हटल्यावर ती नागपूरहून काय काय घेऊन आली. त्यात माझं निरोपाचं घड्याळही होतं. "भाजाले वेळ पाहाले लागन ना," ती म्हणाली. ते घड्याळ जांभळाच्या फांदीला टांगलं.

संक्रांतीचा दिवस उजाडला. दादा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून शिवेवर आला. निम्मं गाव मागे होतं. तीन दगडांची चूल पेटवली. पहिला घाणा भाजता भाजता मी घड्याळाकडे पाहत राहिलो आणि बियांचा कोळसा झाला. लोक हळहळले. उरलेल्या मूठभर बिया कुंदाने माझ्या हातातून काढून घेतल्या आणि शेंगदाणे भाजतात तशा मंद आचेवर भाजल्या. मी त्या खलबत्त्यात कुटल्या. दूध, गूळ आणि ती पूड. उकळी आली तसा वास सुटला. तो खरा कॉफीचा वास होता. मागची माणसं सरकत पुढे आली. गाळून बरोबर एक कप भरला, कानतुटका कप.

दादाने कप घेतला. फुंकला. एक घोट. मग दुसरा. कोणाकडेही न पाहता त्याने कप रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"शर्त तू हारला," दादा म्हणाला.

माझा जीवच गेला. "काहून? पाजला ना कप?"

"त्या वावरातल्या कॉफीचा पाजाचा होता. हे वावरातलं नाही. हे शिवंवरचं होय. मारबतीचं."

शर्त तशीच होती, आणि ती लागली तेव्हा वहिनीही साक्षीला होत्या. मी मान खाली घातली आणि चूल विझवायला वाकलो. दादा तिथून हलला नाही. रिकाम्या कपात डोकावून खाकरला.

"आनखीन हाय काय?"

"काय?"

"कॉफी."

"नाही. तेवढीच होती."

"मंग येवढीशी काहून केली बे?" दादा एकदम चिडला. "इतके वर्षं थांबवलं आन बोळकंभर पाजली!"

विहिरीमागे त्या वर्षी तूर पेरली गेली. चांगली झाली, दादाने मला डाळ पाठवली. पण पोळ्याला मी गावी गेलो, आणि पहाटे मेढे गोळा करायला उठलो, तर अंधारात दारापाशी दादा आधीच उभा होता. हातात संत्र्याचं कलम, मुळाशी चिखलाचा गोळा थापलेला. त्या डिंक्या रोगाने त्याची नवी कलमंही जगत नव्हती.

"हे बी घेऊन जाय," तो हळूच म्हणाला. "जोरानं फेकजो. तवाच्यासारखं."

मी फेकलं. जांभळाखाली आता कॉफीची पाच-सात झुडपं आहेत, एक फणस धरला आहे, आणि दादाचं संत्रंही बरं दिसतं. मी त्यांना काही करत नाही. पाणी घालत नाही, खत घालत नाही, सावलीचं शास्त्र तर मुळीच सांगत नाही. लोक त्या जागेला माझ्या नावाने शरदभाऊचा मळा म्हणतात, आणि दादा आपल्या पाहुण्यांना स्वतः घेऊन जाऊन तो दाखवतो.

फक्त त्या संक्रांतीची एक गोष्ट सांगायची राहिली. कॉफी पाजून आम्ही शिवेवरून परत आलो, तेव्हा वहिनी बादली घेऊन अंगणात उभ्याच होत्या. दादा मला न्याहाळत म्हणाला, "कढई आणू नको म्हणते, खलबत्ता आणू नको म्हणते, कप बी तिथंच ठेवला. मंग इतके दिवस शिवंवर बसलेल्या या मानसाले घरात काहून घेऊन राहिलो आपन?"

मलाही तो प्रश्न पडला. पण उत्तर सोपं आहे. मारबतीने माझ्या दारातून कॉफी नेली, फणस नेला, अव्होकॅडो नेला, दादाचा हट्टसुद्धा नेला. मला मात्र ती दरसाल पाहते आणि दारातच सोडून जाते. रुजेल काय आणि रुजणार नाही काय, हे तिला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळतं.